घरचे नको म्हणतात

४ जानेवारी २०२६, रविवार

'ताई, आज यायला जमणार नाही. घरचे नको म्हणतात.'

सकाळपासून हा एकच मेसेज, नंबर तेवढे वेगळे. घरचे नको म्हणतात! याचा एक रबरी शिक्का करून वाटून टाकावा म्हणते. टाइप करायचे कष्ट तरी वाचतील बिचाऱ्यांचे.

'समतोल'चा वर्ग तरीही घेतला. करिअर आणि घर दोन्ही कसं जमवायचं ते बायकांना शिकवायचं, म्हणून मी सुरू केलेला हा थोर उपक्रम. उलव्यात, आमच्याच सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, टेबल टेनिसचं टेबल भिंतीला ढकलून! आल्या त्यातल्या एकीचा नवरा खाली गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. मी फळ्यावर लिहिलं — 'माझी महत्त्वाकांक्षा'. तर मागून आवाज, "ताई, ते जरा पुसता का? ग्रुप फोटोत येईल. फोटो घरी जातो."

आणि पुसलं मी! ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत अख्खा ट्रेनिंग विभाग चालवलेल्या बाईनं एका फोटोसाठी फळा पुसला. यांच्यासाठी नोकरी सोडली. शाब्बास.

६ जानेवारी

वाशीच्या मॉलमध्ये जुन्या ऑफिसातली एक भेटली. "केवढं धाडस गं तुझं! आम्हाला नाही बाई जमणार." डोळ्यांत मात्र स्वच्छ दिसत होतं — येडी आहे ही.

धाडस कसलं डोंबलाचं! दर मार्चमध्ये 'नेतृत्वात महिला' नावाचं प्रेझेंटेशन मी बनवायचं, जांभळ्या साड्या नेसून आम्ही केक कापायचा, आणि एप्रिलमध्ये वरच्या खुर्चीत पुन्हा एखादा केयूर! विटले होते त्या केकला. पण हे तोंडावर कोण सांगतं? 'घरच्यांना वेळ द्यायचाय' म्हटलं आणि सुटले. एचआरची पोरगी तर गहिवरली. कुंडीतलं रोपटं दिलं मला.

घरचे म्हणजे माझा नवरा, इंद्रजित. मी आता दिवसभर घरी असते हे त्याच्या लक्षात यायलाच पंधरवडा गेला.

१८ जानेवारी, रविवार

आज एक खरी केस आली! क्रांती. जुईनगरला राहते, रबाळ्याला एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. गिऱ्हाईक एखादा तुकडा आणून देतं, त्याच्याशी जुळणारी शेड ही तयार करते. त्यावर बोलायला लागली की थांबेचना. "ताई, पांढरा सगळ्यात अवघड. लोकांना वाटतं पांढरा म्हणजे पांढरा—" मी म्हटलं, बाई, मुद्द्यावर ये.

मुद्दा असा की तिला बढती मिळतेय. सुपरवायझर! केबिन, हाताखाली माणसं. त्याआधी सहा महिने हैदराबादच्या प्लँटवर ट्रेनिंग. साहेबांनीच तिला माझ्याकडे पाठवलंय, मॅडम नीट समजावतील म्हणून. आणि ही खाली मान घालून ओढणीचं टोक पिळतेय. "घरचे नको म्हणतात, ताई."

डोकंच फिरलं माझं. नाव क्रांती, आणि घरचे नको म्हणतात!

"कोण घरचे?"

"मिस्टर."

"नाव काय मिस्टरांचं?"

"सौरभ. पण तुमी कशाला त्रास घेताय ताई, राहू द्या ना—"

सगळ्या अशाच. नवऱ्याला कोणी काही बोलेल या कल्पनेनंच यांचा जीव खालीवर. म्हटलं, तू गप्प बस. तुझ्या सौरभकडे मी बघते. या पोरीला मी हैदराबादला पाठवणार. नाही पाठवलं तर 'समतोल'ला टाळं लावीन आणि खुशाल लोणची घालत बसेन.

२४ जानेवारी, शनिवार

जुईनगरला जाऊन आले. स्टेशनपासून जवळच, तिसऱ्या मजल्यावर नीटनेटकं घर. बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. दार सौरभनंच उघडलं. खांद्यावर टॉवेल, हाताला कणीक. मी येणार म्हटल्यावर नाटकाची तालीम झालेली दिसत होती! वाशीच्या मार्केटात मसाल्याच्या पेढीवर क्लार्क आहे. चहा त्यानंच केला, कपबश्याही त्यानंच उचलल्या. असल्या चहाला भुलणारी मी नव्हे. आमच्या व्हीपीलाही कॉफी मशीनचं बटण दाबता यायचं.

सरळ विचारलं, क्रांतीच्या ट्रेनिंगला तुमची अडचण काय? त्यानं आधी बायकोकडे बघितलं. डोळ्यांनीच दटावणी! मग म्हणाला, "मीच नको म्हणतोय ताई. पोरगी लहान आहे. झालं ना?"

झालं ना, म्हणे! वर तोंड करून! क्रांती आत गेली ती बाहेर आलीच नाही. सौरभची आई केशरबाई नातीच्या वेण्या घालत बसल्या होत्या. परभणीकडच्या. त्यांना म्हटलं, आजी, तुम्ही तरी मुलाला समजवा. तर म्हणाल्या, "त्या दोघायचं ठरलंय बाई. म्या कशाला मधी तोंड घालू?" आपला मुलगा तो आपला मुलगा. त्या कशाला बोलतील.

निघाले तर सौरभ रिक्षापर्यंत सोडायला आला. "ताई, एकदा तुमी क्रांतीशी बोला ना. आमी कोणी नसताना. निवांत." म्हणजे मी तिलाच पटवायचं आणि याची सुटका करायची! असले टोलवाटोलवी करणारे मॅनेजर मी पंधरा वर्षं बघितले. हा तर मसाल्याच्या पेढीवरचा.

२६ जानेवारी, सोमवार

आज सोसायटीत जी गंमत झाली तिला तोड नाही.

बी विंगची लिफ्ट दिवाळीपासून बंद. सेक्रेटरी श्यामसुंदर रोज म्हणणार, "उद्या होईल." झेंडावंदन झालं, जिलेबी वाटणं चाललं होतं, आणि माइकवरच्या पोरानं कोणीतरी दिलेली चिठ्ठी वाचून टाकली — लिफ्टचा प्रश्न मार्गी लावल्याबद्दल आपल्या सेक्रेटरींचा सत्कार! टाळ्या. शाल. नारळ. लिफ्ट बंदच! श्यामसुंदर शालीत उभा, चेहरा असा की हसावं की पळावं. नको कसं म्हणणार? सगळी सोसायटी व्हिडिओ काढतेय.

दुपारी मेकॅनिक हजर. संध्याकाळी लिफ्ट चालू!

२७ जानेवारी

अंघोळ करताना सुचलं. पुरुषाला समजावू नये, त्याच्याशी भांडूही नये. त्याचा सत्कार करावा. आणि त्यानं अजून न केलेल्या गोष्टीबद्दल करावा! शाल अंगावर पडली की माणूस अडकला. मग त्याला ती गोष्ट केल्यावाचून गत्यंतर नाही.

'आदर्श पती पुरस्कार'. महिला दिनी.

इंद्रजित म्हणाला, "महिला दिनी पुरुषांचा सत्कार?"

म्हटलं, "महिलांचा करून काय मिळालं? कुंडीतलं रोपटं."

"मग माझाही ठेव. काल मी भांडी मशीनमध्ये लावली."

लावली होती. मशीन सुरू केलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

प्रमुख पाहुणा ठरला. गोटीरामशेठ. जुईनगरकडचे जुने पुढारी, पूर्वी यांच्या घरची मिठागरं होती, आता बोटांत अंगठ्या. हॉल त्यांचाच. मी सगळं समजावून सांगितलं — बायको सहा महिने परगावी, नवरा एकटा घर बघणार, त्याचा गौरव. शेठ हादरलेच. "सहा महिनं? ना पोरगा सोताचा जेवान सोता रांधनार?"

"हो."

"मंग त्याचा सत्कार झालाच पायजे! माझा फोटू मोठा टाका बॅनरवं."

एवढा मोठा पुढारी. आयुष्यात चहा गाळला नसेल. पण तोच हवा मला! त्याच्या हातून शाल घेतल्यावर सौरभ कुठे जाणार आहे?

आणखी चार नवरेही भरतीला घेतले, नुसता सौरभ बरा दिसणार नाही म्हणून. त्यात तो हॉर्नवालाही आहे. पत्नीला दर रविवारी विनाविलंब वर्गाला आणून सोडल्याबद्दल!

१७ फेब्रुवारी

सौरभला फोनवर कळवलं, तुमची निवड झालीय.

"कशाबद्दल?"

"आदर्श पती म्हणून."

तो घाईघाईनं, "ताई, नको. तुमचा काहीतरी गैरसमज—" म्हटलं, आईंना फोन द्या. केशरबाईंनी ऐकलं मात्र, "माह्या सौरभचा सत्कार? आता गं बया! गावाकडं सांगते मी समद्यायला!" झालं. आता परभणीपर्यंत बातमी. मेसेज ग्रुपवर टाकण्यापेक्षा केशरबाईंना सांगणं बरं.

साहेबांनाही आमंत्रण दिलं. रबाळ्याचे. ते इतके खूश की म्हणाले, मॅडम, तुमच्यासारख्या बाईची आमच्या एचआरला गरज आहे. नको रे बाबा. तिथूनच पळून आलेय.

१ मार्च, रविवार

वर्ग संपल्यावर क्रांती थांबली. "ताई, जरा बोलायचं होतं. एकटीशीच." म्हटलं, काय बोलायचंय ते मला ठाऊक आहे. घाबरू नकोस, मी आहे ना! "नाही ताई, ते तसं नाहीये—" आणि डोळे भरले. मी तिचा हात हातात घेतला. म्हटलं, आठ तारीख होऊ दे, मग निवांत बोलू.

काय हे! आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हिच्या बाजूनं घडतंय, आणि ही रडतेय. आमच्या बायकांना सुखाचीही सवय नाही.

६ मार्च

बॅनर लागला. जुईनगर स्टेशनच्या बाहेर, रिक्षा स्टँडच्या डोक्यावर. गोटीरामशेठ डोंगराएवढे, त्यांच्या खाली सौरभ, लग्नातल्या फोटोतून कापून काढलेला, कपाळावर मुंडावळ्यांची एक लड राहून गेलीय. 'पत्नीच्या प्रगतीसाठी सहा महिने घराची धुरा एकट्याने सांभाळणारे आदर्श पती.' वा!

सौरभचे मिस्ड कॉल. उचलत नाही. आता पळवाट नाही रे राजा.

८ मार्च, रविवार

झालं! झालं! झालं!

हॉल गच्च. सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालायला शेठ उठले आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, तो घेऊन मगच हार. खुर्च्यांवर निम्मे पुरुष! माझ्या वर्गाला बायका जमवताना दमछाक होते, आणि नवऱ्यांना शाल मिळणार म्हटल्यावर त्यांचे भाऊ, मेहुणे, ऑफिसातले मित्र, सगळे हजर. एकाचा तर बँडवाला आला होता. परत पाठवला.

हॉर्नवाला स्टेजवर रडला. "मी एवढं केलंय हे मलाच माहीत नव्हतं," म्हणाला. तुला काय, कोणालाच माहीत नव्हतं.

मग सौरभ. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चेहरा उतरलेला. मी माइकवरून सगळं सांगितलं — ही एक सामान्य घरातली जोडी, नवऱ्याचा आधी विरोध, मग परिवर्तन. 'परिवर्तन' म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. केशरबाई पहिल्या रांगेत, नवी निळी साडी, डोळे पुसतायत. शेठनं शाल घातली, पाठ थोपटली. "पोरगा लय गुनी हाय. आमच्या घरान असा कोन नाय!" यावर त्यांच्या बायकोनं वाजवलेल्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या. तेवढंच त्या बाईचं भाषण.

रबाळ्याचे साहेब उठले. म्हणाले, सौरभजींच्या या त्यागामुळे आमचं काम सोपं झालं. क्रांती मॅडम तेवीस तारखेला हैदराबादला रुजू होतायत, लॅबमध्ये त्यांच्या जागेवर माणूसही आम्ही घेतला. मी तर उडीच मारायची बाकी होते! इतकं पक्कं काम मला कंपनीत कधी साधलं नव्हतं.

सौरभच्या हातात माइक दिला. खाली बसलेल्या क्रांतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी... क्रांती जे म्हणेल ते. ती काय म्हणेल तेच." हॉल डोक्यावर घेतला लोकांनी! शेठनं माइक काढून थेट क्रांतीपुढे धरला. "बोल गो पोरी!" ती उभी राहिली. साहेबांकडे बघितलं, सासूकडे बघितलं, त्या शालीकडे बघितलं. "थँक्यू," म्हणाली. आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

तो फोटो फार सुंदर आलाय. आनंदाश्रू म्हणतात ते हे. मलाही भरून आलं. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

९ मार्च

सकाळपासून नवऱ्यांचे फोन. "मॅडम, पुढच्या वर्षीसाठी नाव कुठे द्यायचं?" एकानं तर बायको नोकरीच करत नाही तरी विचारलं. म्हणाला, लावतो ना नोकरीला.

१२ मार्च

इंद्रजित अजून नाराज आहे. त्याला शाल दिली नाही म्हणून! आज मशीन सुरू केलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. कोणी टाळ्या वाजवतंय का बघत.

जुन्या कंपनीतून केयूरचा फोन. आमच्याकडे पुरुषांसाठी असं एक सेशन घ्याल का? त्याच इमारतीत, त्याच हॉलमध्ये. आता मी बाहेरची तज्ज्ञ! आत होते तोवर माझी किंमत केकपुरती. बघू म्हटलं. लटकू दे थोडे दिवस. मनातून मात्र गारगार वाटलं. नोकरी सोडल्यापासून पहिल्यांदा वाटलं की मी मूर्ख नाही.

१५ मार्च, रविवार

क्रांती वर्गाला आली नाही. तयारीत असेल. तिनं मागं बोलायचं म्हटलं होतं खरं. आता काय बोलायचं राहिलंय? मिळालं की सगळं. तिचा फोटो मोठा करून क्लबहाउसच्या भिंतीवर लावला, माइक तोंडाशी आणि डोळ्यांत पाणी. आजच्या बायकांना दाखवून म्हटलं, ही बघा. हिचेही घरचे नको म्हणायचे.

एकजण फोटोकडे बघत म्हणाली, "बिचारी." बिचारी! सुपरवायझर होणाऱ्या बाईला बिचारी! या कोणत्या मातीच्या आहेत कोण जाणे.

२१ मार्च, शनिवार

क्रांतीला निरोप द्यायला वाशीच्या हायवेवर गेले, हैदराबादची बस तिथूनच सुटते. बॅग सौरभनं चढवली, पाण्याची बाटली, डबा, चार्जर, सगळं दोनदा तपासलं. पोरगी आईच्या ओढणीला धरून होती. केशरबाईंनी हळूच सोडवली. मी व्हिडिओ काढला. क्रांतीला म्हटलं, हास की! हसली.

कारखान्यातल्या मैत्रिणींनी तिला शेवटच्या दिवशी एक छोटा डबा दिला म्हणे, तिनंच जुळवलेल्या पांढऱ्या रंगाचा. तो मांडीवर घेऊन खिडकीत बसली. मी म्हटलं, अगं, बॅगेत टाक. सांडेल.

"सांडत नाही ताई," म्हणाली. "झाकण घट्ट आहे."

बस निघाल्यावर सौरभ पोरीचा हात धरून सरळ चालू लागला. साधं 'येतो' पण नाही. अहंकार दुखावलाय, दुसरं काय. बसू दे. पाच-सहा महिने भाकऱ्या थापल्या की उतरेल.

२४ मार्च, मंगळवार

केयूरच्या सेशनसाठी छोटा व्हिडिओ हवा होता. सौरभला फोन लावला. म्हटलं, दोन शब्द बोला. तुम्ही आधी नको का म्हणत होता, आणि मग मन कसं बदललं.

मागे कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ताई, नको मी नव्हतोच म्हणत. क्रांती म्हणत होती. तिला लॅब सोडायची नव्हती. सायबाला तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून रडत बसलेली. मीच तिला म्हटलं, माझं नाव सांग."